काळजी करणं, काळजी घेणं

चि. मुक्ता हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "केअर म्हणजे काळजी घेणं, त्यात काय शिकायचंय?" आता इंग्लंडात केअर होममध्ये नर्स म्हणून रुजू होणार आहेस, तर हा शब्द जरा नीट बघून जा.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो घेण्याचा नव्हे, करण्याचा शब्द होता. तेव्हा त्याचा अर्थ होता शोक, चिंता. गुड फ्रायडेला जर्मन लोक कारफ्रायटाग म्हणतात, त्यातला 'कार' याच कुळातला. पुढे चिंतेतून जपणं आलं. आपली 'काळजी' हे दोन्ही अर्थ एकाच पदरात बांधून आहे, म्हणून तुला तो परका वाटू नये. क्युअर मात्र त्याचा भाऊ नव्हे. तो लॅटिनमधून आला; उच्चार जवळचा, एवढंच. तुझ्याकडचे बरेच म्हातारे बरे व्हायचे नाहीत, पण म्हणून तुझं काम संपत नाही. हे विसरू नकोस.

आपण करणं-घेणं बदलतो, इंग्रजी पुढचा छोटा शब्द बदलते. 'केअर अबाउट' म्हणजे जीव गुंतणं, 'केअर फॉर' म्हणजे शुश्रूषा. पण एखाद्या आजी म्हणाल्या, "आय डोन्ट केअर फॉर पॉरिज," तर त्यांना पेज आवडत नाही, एवढाच अर्थ. वाटी उचल आणि दुसरं काही विचार. "वुड यू केअर फॉर सम टी?" हा नुसता चहाचा आग्रह.

आणि एक अगदी मनावर घे. "चहा की कॉफी?" असं विचारल्यावर 'काहीही चालेल' या अर्थी "आय डोन्ट केअर" म्हणू नकोस. मी तरुणपणी एका इंग्रज पाहुणीला तसं म्हणाले होते. तिचा चेहरा पडला. तिने ऐकलं होतं, 'मला फिकीर नाही.' मला सांगायचं होतं "आय डोन्ट माइंड". तिची माफी मागायची राहून गेली, ते अजून सलतं.

निघताना सगळे तुला "टेक केअर" म्हणतील. आपल्याकडे आजी 'जपून जा' म्हणायची, तेच ते.

पोचलीस की पत्ता कळव. सुरुवातीला कुणाकडे राहणार असशील तर त्यांचंही नाव दे, म्हणजे पाकिटावर 'केअर ऑफ' घालून लिहीन.

तुझी,
आत्या