बंदीच्या दिवसांत गाडी घेऊन किनाऱ्याने मुक्कामी जायचं तर



१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी लागली, बोटी वर आल्या, खलाशी गावी गेले, की घराघरांत विषय निघतो: चार दिवस कुठेतरी जाऊया. पोरांनी मोबाईलवर ती झोपायची सोय असलेली कॅरॅव्हॅन बघितलेली असते, नाहीतर किनाऱ्यावरची लाकडी खोपी. आपल्याला वर्षभरात हेच दिवस मोकळे, आणि किनारा सगळ्यात वाईट असतो तोही ह्याच दिवसांत. गोव्यातल्या वेळेवरच्या लाकडी खोल्या पावसाआधी मोडून ठेवलेल्या असतात, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. तरी जायचंच तर बेत कसा आखावा, तेवढंच इथे लिहितो.

आधी दिवस ठरवा. जूनचा पहिला आठवडा बोट ओढण्यात, झाकण्यात, इंजिन सोडवण्यात जातो. जुलैचे शेवटचे दोन-तीन आठवडे रंग, जाळी आणि गॅरेजवाल्याच्या मागे फिरण्यात जातात. मधले दिवस उरतात. त्यात तीन रात्रींचा बेत पुरे. आणि तारखा कॅलेंडरवर शनिवार-रविवार बघून नव्हे, तिथी बघून धरा.

तिथी कशाला, ते नीट समजून घ्या. ही गोष्ट घरातल्या पोरांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊण पावणेचार. हा हिशोब मुंबईकडचा. आपल्याकडे भरती मुंबईच्या थोडी आधी लागते, म्हणून नक्की वेळ बंदराच्या तक्त्यात बघावी. पण अंदाजाला हिशोब पुरतो. त्यातून निघतं काय, तर अमावास्या-पुनवेच्या उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि मध्यरात्रीच्या आगेमागे. म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला.

आता मुक्कामाला येणारा माणूस कधी पोचतो? दिवे लागायच्या आधी, पाच-सहालाच. समोर लांबच लांब मोकळी वाळू दिसते, पाणी कुठल्या कुठे. गाडी खाली घेतो, तंबू ठोकतो, जेवतो, झोपतो. आणि पाणी वर चढतं ते सगळे गाढ झोपेत असताना. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी बघितलेली जागा हा सगळ्यात मोठा फसवा पुरावा. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, उलटं असतं. भरती संध्याकाळीच डोळ्यांदेखत लागते, आणि चढतेही कमी. म्हणून तीन रात्री धरायच्या त्या अष्टमीच्या आजूबाजूच्या. गोव्यात उधाणाला पाण्याची चढउतार साधारण दोन मीटरच्या आसपास, मुंबईला त्याच्या दुप्पट. म्हणजे मुंबई-अलिबागकडचे पाहुणे बोलावले असतील तर त्यांचा अंदाज वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा.

भरतीची रेघ कुठे आहे ते कचऱ्यावरून कळतं: काटक्या, फेस, तुटकी जाळी, नारळाची सोडणं. त्याच्या वर मर्यादवेल दिसते. नावच मर्यादवेल. पण जून-जुलैत तीही मर्यादा धरू नका. भरती चंद्राची आणि लाट वाऱ्याची. दोन्ही एकत्र आल्या की पाणी वेलीच्या वर जातं. शिवाय लांब दक्षिणेच्या समुद्रातून येणारी फुगी इथे वारा नसतानाही थडकते. मासेमारीला आपण हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज बघतो, तोच मुक्कामालाही बघायचा.

मग राहायचं कुठे? आमचं मत सरळ आहे: पावसात वाळूवर राहायचंच नाही. गावात घरगुती खोली घ्या, गाडी मालकाला विचारून खळ्यात लावा. मात्र माडाखाली नको. एक झावळ पडली तरी काच जाते. खाडीकाठची सखल जागाही टाळा. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, काठ बुडतो.

वाट म्हणाल तर आपल्याकडून तेरेखोल नदी ओलांडून रेडी, शिरोडा, मोचेमाड करत वेंगुर्ला, तिथे पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी निवती, भोगवे बघून परुळ्यावरून मालवण. दोन रात्री तिथेच काढा, रोज सामान बांधत बसू नका. देवबागला दिवसा जरूर जावं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी; पावसाळ्यात समुद्र तिथे जमीन खातो. रात्रीच्या मुक्कामाला ती जागा आम्ही सुचवणार नाही. परतताना कुडाळ-सावंतवाडीचा मोठा रस्ता धरा. केरीच्या फेरीबोटीवर परतीचा बेत टांगू नका.

कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यावी का? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी धोरण आणलं, गाड्या मिळतात. पण आपल्या गावातले रस्ते म्हणजे दोन बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर विजेच्या लोंबत्या तारा. पाच-सहा माणसांचं कुटुंब, बाहेर पाऊस आणि आत ओले कपडे. आम्हाला तरी पैसे वसूल होतील असं वाटत नाही. घेतलीच तर आधी तिची उंची विचारा आणि वाटेतल्या कमानी आठवा.

त्याहून महत्त्वाचं: मासळीच्या टेम्पोत गाद्या घालून जायचा विचार काहीजण करतात. करू नका. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदेशीर. गाडीत परस्पर फेरफार करणंही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही. अपघात झाला तर मागे बसलेल्यांसाठी विम्यावर भरवसा ठेवता येणार नाही. वासाचं तर बोलायलाच नको. पाहुण्याच्या दारात गाडी लावली की मांजरं जमतील.

आणि शेगडी. बोटीवर जेवण शिजतं तेव्हा वारा चारी बाजूंनी असतो. पावसामुळे सगळ्या काचा बंद केलेल्या गाडीत गॅस, कोळशाची शेगडी किंवा जनरेटर चालू ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. थंडी वाजते म्हणून शेगडी आत घेऊन झोपणं म्हणजे उघड धोका. स्वयंपाक बाहेर, छपराखाली. किनाऱ्यावर उघड्यावर चूल मांडली तर गोव्यात दंड होतो, तेव्हा तीही नको.

वाळूत गाडी घालायला कायद्याने बंदी आहेच. तरी दर सुट्टीत कुणाची तरी गाडी रुतते आणि दोरखंड घेऊन ओढायला कोळ्याचीच पोरं धावतात. भरती सहा तासांत पुरी होते, त्यातला मधला वेळ सगळ्यात वेगाचा. चाकं रुतली तर पाणी बघत थांबू नका, आधी बायकापोरांना वर न्या.

बोट वर ओढलेली आहे म्हणून तिला एकटी टाकून निघू नका. ताडपत्री, दोर, बिल्जमधलं पावसाचं पाणी दोन दिवसांआड बघायला भावकीतला एक माणूस नेमा. रोज संध्याकाळी त्यालाच फोन करून कुठल्या गावात, कुणाच्या घरी मुक्काम आहे ते सांगा. मालवणच्या पुढे गाडी नेलीत तर तेही.