अकस्मात पालटलेले मूल आणि त्याचे घर

वर्गातील एखादे मूल आठ-पंधरा दिवसांत निराळेच होऊन जावे, असा अनुभव आपणांपैकी काही शिक्षकांस आला असेल. समजा, चौथीतील एक मुलगी आहे. दिवाळीपर्यंत तिची वही इतरांस दाखविण्याजोगी होती. सुटीनंतर तीच मुलगी ओळीवर लिहू शकत नाही, हातातील पेला सांडते, तोंड वेडेवाकडे करते, क्षुल्लक कारणाने रडू लागते. आपण म्हणतो, लक्ष नाही. सोबती नक्कल करतात. आई म्हणते, "माह्या पोरीले कोनाची तरी नजर लागली, गुरुजी." या सर्वांचाच तर्क चुकलेला असण्याचा संभव आहे, आणि ती चूक मुलीच्या हृदयास महाग पडू शकते.

अशा विकाराचे वर्णन इंग्रज वैद्य टॉमस सिडनहॅम यांनी 1686 साली करून ठेवले आहे. त्यास सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. कोरिया या ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा दुखतो. त्या जंतूशी झुंजण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये निर्माण करते, तीच काही मुलांत मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर उलटतात. घसा बरा होऊन तोवर काही आठवडे, क्वचित सहा महिनेही लोटलेले असतात. त्यामुळे त्या दुखण्याची आठवण कोणासच राहत नाही. हा विकार बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांस, त्यातही मुलींस अधिक होतो. तो संधिज्वराचाच एक प्रकार होय, आणि संधिज्वर हृदयाच्या झडपा बिघडवितो. हाताची चळवळ बहुधा काही महिन्यांत शमते, परंतु झडपेस झालेली इजा राहू शकते.

झोपेत या हालचाली थांबतात. जीभ बाहेर काढून धरण्यास सांगितले, तर ती आपोआप आत जाते. मुलीस आपले बोट मुठीत धरावयास दिल्यास तिची पकड घट्ट व सैल होत राहते, जणू ती गाईची धार काढीत आहे. निदान करणे हे अर्थातच डॉक्टरांचे काम आहे. शिक्षकाने केवळ पाहावे आणि सांगावे.

याच कुळातील दुसरा एक विकार 1998 साली अमेरिकेत सुसान स्वीडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास मुलांच्या नोंदींवरून मांडला. त्यात मूल एकाएकी पुनःपुन्हा हात धुऊ लागते, आईस क्षणभर सोडीत नाही किंवा डोळे व मान झटकू लागते. या विकाराविषयी डॉक्टरांत अद्याप मतभेद आहेत. तथापि बदल अकस्मात झाला, एवढे कारण तपासणीस पुरेसे आहे.

आता घराविषयी. भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातील मजुरांच्या घरी वेचणीच्या दिवसांत अमरावतीची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय. तेव्हा "दवाखान्यात न्या" असे सांगून आपले काम संपत नाही. प्रथम आईस बसवून घ्यावे आणि विचारावे: हे केव्हापासून? मागे घसा दुखला होता काय? ताप, सांधेदुखी? नजरेच्या समजुतीवर वाद घालू नये. वादाने घर दुरावते. मात्र भूत उतरविण्याच्या नावाखाली मुलास बांधणे वा मारणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे बापास एकांतात स्पष्ट सांगावे. मुलगी वेडी झालेली नाही आणि तुमच्या हातून काही पाप घडलेले नाही, ही दोन वाक्ये त्या घरास औषधाइतकीच लागतात.

प्रस्तुत लेखकाने फार वर्षांपूर्वी अशाच एका मुलास गचाळ अक्षराबद्दल बाकावर उभे केले होते. कारण कळले तेव्हा तो शाळा सोडून गेला होता. शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांस 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहेच. परंतु येथे शिक्षा रोगालाच होते आणि भोगते मूल.

तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तेथून अमरावतीचे जिल्हा रुग्णालय, असा मार्ग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलास आवर्जून पुढे करावे. संधिज्वरजन्य हृदयरोग त्या तपासणीत अंतर्भूत आहे. पण पथकाची वाट पाहत बसू नये. घरच्यांस मनाचा ताण असह्य झाल्यास 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

संधिज्वर ठरल्यास पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, तेही कित्येक वर्षे घ्यावे लागते. हात थांबले की पालक इंजेक्शन थांबवितात. घसा पुन्हा बिघडतो आणि झडपेवर दुसरा घाव बसतो. म्हणून पुढच्या इंजेक्शनची तारीख वर्गाच्या दिनदर्शिकेवर लिहावी, त्या दिवशीची गैरहजेरी रजा समजावी, आणि मुलगी परत आल्यावर हात स्थिर होईतो तिची परीक्षा तोंडी घ्यावी. तिला खिडकीजवळ नव्हे, मैत्रिणीजवळ बसवावे.