हॅम रेडिओ: परवाना स्वस्त, तयारी महाग

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचे फोन बंद पाडले, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचं त्यांचं पथक तिथून जगभरच्या हॅमशी, म्हणजे हौशी रेडिओचालकांशी, बोलायला गेलं होतं. सेट आणि अँटेना आधीपासून जागेवर होते, म्हणूनच निरोप मुख्य भूमीपर्यंत गेले. आपल्या गावात किंवा सोसायटीत अशी सोय हवी असेल तर खिशाला किती पडेल? ज्या क्रमाने पैसे काढायचे, त्याच क्रमाने पाहू.

ऐकणं: खर्च शून्य
इंटरनेटवरच्या मोफत वेबएसडीआर रिसीव्हरवर महिनाभर कान द्या. खरखरीतून आवाज ओळखायचा कंटाळा आला, तर पुढचे पैसे वाचले.

परीक्षा आणि परवाना: एक-दोन हजार
वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोड लागत नाही. परीक्षेला १०० रुपये, परवान्याला २० वर्षांसाठी १,००० किंवा आजीवन २,००० असे दर बरीच वर्षं होते; भरण्याआधी पोर्टलवर ताजा दर बघा.

सेट: परवान्यानंतरच
परवाना नसताना सेट घेऊन बोलणं बेकायदा आहे. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या वॉकी-टॉकीला भुलू नका. बेकायदा विक्री रोखायला केंद्राने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत. हातात धरायचा पाच वॅटचा सेट (हँडी) काही हजारांत येतो, पण इमारती-डोंगर आड आले की काही किलोमीटरच. जिल्ह्याबाहेर बोलायला लांब पल्ल्याचा एचएफ सेट हवा, आणि नवा घ्यायचा तर लाखाच्या आसपास तयारी ठेवा. क्लबमधल्या जुन्या सभासदाचा वापरलेला सेट बराच स्वस्त पडतो. मात्र व्यवहाराआधी तो तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा.

अँटेना आणि वीज: इथे हात आखडू नका
अँटेना घरी बनते. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोल अँटेनेला तांब्याची साधारण २० मीटर तार पुरते. पैसे घालायचे ते चांगल्या केबलवर आणि वीज पडली तर धोका कमी व्हावा म्हणून अर्थिंगवर. गच्चीवर तार ताणण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

बॅटरीचा हिशेब असा: १०० वॅटचा सेट ऐकताना एक अँपिअर, बोलताना २० अँपिअरपर्यंत ओढतो. एकपंचमांश वेळ बोलणं धरलं, तर ४० एएचची बॅटरी कागदावर आठ तास पुरते. पुराच्या दोन रात्रींना सोलर पॅनल किंवा दुसरी बॅटरी लागेलच.

गावाला बिल नाही
हॅमला निरोपाचे पैसे घेता येत नाहीत, धंद्याची बोलणीही चालत नाहीत. तेव्हा 'आपत्कालीन रेडिओ सेवेची वर्गणी' कुणी मागितली, तर सरळ पावती आणि परवाना मागा. गावाला मदत करायचीच असेल, तर अँटेनेला जागा आणि बॅटरीला पैसे द्यावेत.

सराव
याला पैसे लागत नाहीत, पण बहुतेकांची तयारी इथेच अडते. महिन्यातून एका संध्याकाळी घराचा मेन स्विच बंद करा आणि बॅटरीवर शेजारच्या तालुक्यातल्या हॅमला निरोप पोचवून त्याच्याकडून तो शब्दन्शब्द परत वाचून घ्या. जमलं, तर तुमचे पैसे सत्कारणी लागले.