आधी खेळ काढ, मग माप घे

बाळा, जुनी टाटा 407 एका बाजूला ओढते म्हटल्यावर आधी टायरची हवा बघ आणि ब्रेक कुठे धरून बसलाय का ते बघ. टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते, बिघडला की गाडी ओढण्यापेक्षा टायर जास्त खाते. ते डोळ्यांना उशिरा दिसतं, तळहाताला लवकर कळतं. पुढच्या टायरवरून आडवा हात फिरव. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना बोचरं लागलं, तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं, तर टो-आउट.

407 आली 1986 साली. पुढे पाटे आणि सलग लोखंडी अ‍ॅक्सल. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, त्या अ‍ॅक्सलच्या घडणीतच असतो, अ‍ॅक्सल वाकला तर मशीनवाल्याकडेच जावं लागतं. आपल्या हातात उरतो तो टो, आणि तो खडू न् टेपवर व्यवस्थित बसतो. पण किंगपिन ढिली, टायरॉड एंड झिजलेले, चाकाची बेअरिंग हलतेय, अशा गाडीचं माप घेशील तर ते दर वेळी वेगळं येईल. मुंबईत एलबीएस रोडवर मेट्रो 4 चं काम लागल्यापासून चर आणि लोखंडी पत्रे यांच्यावरूनच गाडी न्यावी लागते. तिथे हे सांधे आधी जातात. चाक जॅकवर घे, वर-खाली धरून हलव, मग डावीकडे-उजवीकडे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचं नाही. घोडी लाव, मागच्या चाकांना ठोकळे लाव.

यू-बोल्टही आवळून घे. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लाव. फरक निघाला तर आधी तो दुरुस्त कर, टोला हात लावू नकोस.

जागा सिमेंटची बघ. कांजूरमार्ग पूर्वेला खाडीकडे भरावाची माती आहे, तिथे चाक दबतं. गवंड्याची पाण्याची नळी लावून जमीन समपातळीत आहे का ते पाहा. स्टिअरिंग सरळ ठेव. गाडी चाकांवर उभी असू दे, जॅकवर नको. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या अंगाला, हबच्या उंचीवर, खडूची बारीक खूण कर आणि दोन खुणांमधलं अंतर मोज. मग गाडी पुढे ढकल, त्याच खुणा पुढच्या अंगाला हबच्या उंचीवर येईपर्यंत. पुन्हा मोज. त्याच खुणा वापरल्या की वाकड्या रिमचा फरक मापात शिरत नाही. पुढचं माप थोडं कमी यायला हवं. किती, ते गाडीच्या पुस्तकातून घे. आपण बोलतोय ते दोन-चार मिलिमीटरचं. एवढ्याशा फरकानं काय होतं, असं म्हणू नकोस. टायरचा व्यास 800 मिलिमीटर धरला आणि 5 मिलिमीटरची चूक राहिली, तर दोन चाकं मिळून दर किलोमीटरला सहा मीटर आडवी घासली जातात.

टायरॉड अ‍ॅक्सलच्या मागे असतो, म्हणून तो लांब केला की टो-इन वाढतो. दोन्ही टोकांचे क्लॅम्प ढिले कर आणि पाइप पान्यानं रॉड फिरव. एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे दोन्ही बाजू एकदम सरकतात. थोडंच फिरव. मग गाडी पुढे ढकलून पुन्हा माप घे. ढकलताना मागे घेतलीस तर सांध्यातला खेळ उलट बाजूला बसतो आणि माप चुकतं.

क्लॅम्प आवळले का, स्प्लिट पिना बसल्या का, ते दिव्याच्या उजेडात पाहा. मग सरळ मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघ. पाच-सहा दिवसांनी क्लॅम्प पुन्हा तपास. टायरॉड वाकलेला निघाला तर तापवून सरळ करून घेऊ नकोस, वेल्डिंग तर अजिबात नको. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पार्टची दुकानं आहेत. जुना रॉड बरोबर ने आणि लांबी न् आटे जुळवून नवा घे.