गोल्फच्या फोटोत शाफ्ट केळ्यासारखा का वाकतो?

परदेशात आल्यावर गोल्फ खेळायला लागलेला एक तरी मित्र आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्याच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. हिरवंगार मैदान, निळं आभाळ, मित्र ऐन फटक्याच्या क्षणी, आणि हातातला क्लब चक्क केळ्यासारखा वाकलेला. फोटो इतका स्वच्छ असतो की क्लबच्या मुठीवरची नक्षीसुद्धा मोजता यावी. मग ग्रुपवर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, "केवढी ताकद लावलीय!" कुणी म्हणतं, "शाफ्ट फार मऊ आहे रे, बदलून टाक." दुसरा सल्ला महागात पडतो, कारण चांगल्या ग्रॅफाइट शाफ्टला शेकडो डॉलर किंवा पाउंड मोजावे लागतात. नुसत्या फोनवरच्या फोटोवरून शाफ्ट बदलायला सांगणारी दुकानंही मी पाहिली आहेत. म्हणून हे प्रकरण जरा नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. क्लबचा दांडा, म्हणजे शाफ्ट, फटक्याच्या वेळी खरंच वाकतो. पण फोटोत दिसतो तितका नाही, आणि पुष्कळदा त्या आकारात तर मुळीच नाही. फोटोतला बाक बहुतांशी कॅमेऱ्याने तयार केलेला असतो.

आपल्याला वाटतं की फोटो म्हणजे एका क्षणाचं चित्र. फोनच्या बाबतीत ते खरं नाही. फोनमधला सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या लाखो बारीक घरांची जाळी असते, आणि ही घरं ओळीओळीने वाचली जातात. पहिली ओळ वाचून झाली की दुसरी, मग तिसरी, अशा हजारो ओळी. प्रत्येक ओळ प्रकाश गोळा करते तेवढाच वेळ, पण सुरुवात आधीच्या ओळीपेक्षा किंचित उशिरा करते. याला रोलिंग शटर म्हणतात. झेरॉक्स मशीनवर कागद ठेवून दिव्याची पट्टी सरकत असताना कागद ओढून बघा. अक्षरं तिरकी आणि ताणलेली उमटतात. मशीन बिघडलेलं नसतं, प्रत्येक पट्टी आपापल्या क्षणी खरंच बोलत असते. फक्त पट्ट्या वेगवेगळ्या क्षणांच्या असतात.

आता आकडे घालू. सगळ्या ओळी वाचायला लागणारा वेळ प्रत्येक फोनचा वेगळा, पण साधारण १० ते ३० मिलिसेकंदांच्या घरात असतो. आपण २० धरू. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं चेंडूपाशी येतं तेव्हा सेकंदाला सुमारे ४० मीटर वेगाने जात असतं, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. (व्यावसायिक खेळाडू सेकंदाला ५० मीटरच्याही पुढे जातात.) फोन आडवा धरलाय आणि उभ्या शाफ्टने चित्राची निम्मी उंची व्यापली आहे असं समजा. मग खेळाडूच्या हातांच्या ओळी वाचल्यापासून क्लबच्या डोक्याच्या ओळी वाचेपर्यंत १० मिलिसेकंद गेले. तेवढ्यात डोकं ४० सेंटिमीटर पुढे निघून गेलेलं असतं! चित्रात हात एका क्षणाचे आणि डोकं दुसऱ्याच क्षणाचं, आणि मधला शाफ्ट मधल्या सगळ्या क्षणांचा.

मग शाफ्ट नुसता तिरका न दिसता वाकलेला का दिसतो? कारण शाफ्ट हातांभोवती फिरतोय. (हातही पुढे जात असतात, पण बरेच सावकाश, म्हणून ते इथे सोडून देऊ.) हातांपासून जितकं खाली जावं तितका त्या बिंदूचा वेग जास्त, आणि तितकाच तो वाचायला उशीरही जास्त. वेग आणि उशीर दोन्ही अंतराच्या प्रमाणात वाढतात, म्हणून सरकणं अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. टोक ४० सेंटिमीटर सरकलं तर शाफ्टचा मध्यबिंदू २० नाही, फक्त १० सेंटिमीटर सरकतो. शाळेत काढलेला y = x² चा आलेख आठवा. तोच पॅराबोला फोटोत उमटलेला असतो. पोलादाला किंवा ग्रॅफाइटला त्यात काहीही करावं लागत नाही. अगदी सळईसारखा ताठ दांडाही असाच दिसेल.

इथे हमखास येणारा प्रश्न: "पण फोटो तर एक आठ-हजारांश सेकंदाचा आहे, त्यात काय हलणार?" हा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, कारण दोन वेळा एकमेकींत मिसळतात. एक-आठ-हजारांश ही प्रत्येक ओळीची प्रकाश गोळा करायची वेळ. सगळ्या ओळी मिळून लागणारे २० मिलिसेकंद ही वेगळीच गोष्ट, आणि शटर जलद केल्याने ती कमी होत नाही. शटर जलद केलं की वाकलेला शाफ्ट धूसर न दिसता स्वच्छ वाकलेला दिसतो, इतकंच.

आणि यातच सगळी मेख आहे. फोनच्या मुख्य भिंगाचं छिद्र सहसा कमीजास्त करता येत नाही, ते एफ/१.८ च्या आसपास कायमचं उघडं असतं. छायाचित्रकारांचा जुना आडाखा सांगतो की लख्ख उन्हात एफ/१६ ला, आयएसओ १०० वर, सुमारे एक-शतांश सेकंद पुरे. एफ/१.८ ला त्याच्या जवळजवळ ८० पट प्रकाश आत येतो, म्हणून फोनला शटर ८० पट जलद करावं लागतं. म्हणजे आठ-हजारांश सेकंद, तुम्ही काहीही न निवडता. ढगाळ संध्याकाळी शाफ्टचा पंख्यासारखा धुरकट पट्टा उमटतो, तो फोटो आपण पुसून टाकतो. सुंदर उन्हात मात्र शाफ्ट काचेसारखा स्पष्ट येतो, आणि स्पष्ट दिसलं की आपण विश्वास ठेवतो.

खरा बाक किती असतो? खाली येताना सुरुवातीला डोकं मागे रेंगाळतं, शाफ्ट मागच्या बाजूला वाकतो. चेंडूपाशी पोचेपर्यंत तो सरळ होऊन उलट थोडा पुढे वाकतो, कारण डोक्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेवर नसून जरा मागे असतो, आणि गोल फिरताना तो बाहेरच्या बाजूला, हातांच्या रेषेत येऊ पाहतो. हा बाक काही सेंटिमीटरांचा. फोटोतला बाक त्याच्या कितीतरी पट.

आता गंमत बघा. फोन आडवा धरायच्या दोन तऱ्हा आहेत, कॅमेरा डावीकडे किंवा उजवीकडे. एका तऱ्हेत ओळी वरून खाली वाचल्या जातात, दुसरीत खालून वर. पहिल्यात शाफ्टचं टोक पुढे झेपावलेलं दिसतं, म्हणजे खऱ्या बाकाच्याच दिशेला, आणि लोक म्हणतात शाफ्ट मऊ आहे. दुसऱ्यात डोक्याचा क्षण आधीचा आणि हातांचा नंतरचा, म्हणून टोक मागे राहिलेलं दिसतं. आणि मागे राहिलेलं डोकं, ज्याला गोल्फवाले लॅग म्हणतात, ही तर चांगल्या स्विंगची खूण मानतात! एकच माणूस, एकच फटका; फोन कसा धरला यावरून एकदा शाफ्ट बदलायचा सल्ला आणि एकदा शाबासकी.

यातूनच तपासणीचा सोपा मार्ग निघतो. फोन आडवा धरून पाच-सहा फोटो काढा, मग फोन १८० अंश फिरवून पुन्हा तितकेच. बाकाची दिशा उलटली तर तो फोनचा बाक. खरा बाक फोन फिरवल्याने बदलत नाही. फोन उभा धरला तर बहुतेक फोनमध्ये वाचन डावीकडून उजवीकडे किंवा उलट जातं. मग उभा शाफ्ट थोड्याच ओळींत मावतो आणि बराच सरळ दिसतो, पण चेंडूची पंचाईत होते. चित्रात दोन मीटर रुंदीचा भाग असेल तर वाचनाची पट्टी सेकंदाला १०० मीटर वेगाने धावते. त्याच दिशेने ६० मीटरच्या वेगाने जाणारा चेंडू अडीचपट लांब, काकडीसारखा उमटतो, आणि विरुद्ध दिशेने जाणारा चपटा.

स्विंगचा अभ्यासच करायचा असेल तर माझं मत सरळ आहे: फोटो सोडा, सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. चित्र कमी सुबक दिसेल, पण प्रत्येक फ्रेम ४ मिलिसेकंदांच्या आसपास वाचून संपवावीच लागते, नाहीतर पुढची सुरू कशी होणार? मघाचे ४० सेंटिमीटर इथे ८ वर येतात. क्लब चेंडूला टेकलेला असतो तो काळ मात्र जेमतेम अर्धा मिलिसेकंद, त्यामुळे नेमकी ती भेट फ्रेममध्ये सापडण्याची शक्यता साधारण आठात एक.

ही भेट पहिल्यांदा नीट दाखवणाऱ्यांपैकी एक म्हणजे एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन. त्यांनी शटरचा नाद सोडला आणि प्रकाशाचंच शटर केलं. अंधारी खोली, उघडा कॅमेरा आणि विजेच्या दिव्याचे अतिशय अल्पकाळ चमकणारे झोत. झोत पडला की सगळी फिल्म एकदम उजळते, ओळींचा प्रश्नच येत नाही. १९३८ मधल्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्राचं नावच 'डेन्समोर श्यूट शाफ्ट वाकवतो' अशा अर्थाचं आहे. श्यूट हे त्या काळातले नामवंत खेळाडू. त्या चित्रातला बाक खरा आहे, आणि फोनच्या केळ्याशी ताडून बघण्यासारखा आहे.

रोलिंग शटर तसं नवीन नाही. १९१०च्या दशकात फ्रान्समधल्या जाक आंरी लार्तिग यांनी शर्यतीच्या मोटारीचा फोटो काढला, त्यात चाकं लंबगोल होऊन पुढे झुकलेली आहेत. त्या कॅमेऱ्यात कापडी पडद्याची फट फिल्मवरून सरकत असे. आजच्या मोठ्या कॅमेऱ्यांतल्या यांत्रिक पडद्यांना तोच प्रवास करायला ३-४ मिलिसेकंद पुरतात, म्हणून त्यांत शाफ्ट बराच सरळ येतो. मग गोल्फचे छायाचित्रकार इलेक्ट्रॉनिक शटरकडे का वळले? कारण आवाज. क्लब मागे न्यायला पाऊण सेकंद लागतो, खाली यायला पाव. त्या पाऊण सेकंदात "खटॅक" ऐकू आलं तर खेळाडू दचकायला भरपूर अवकाश असतो, म्हणून फटका बसेपर्यंत बटण दाबायचं नाही हा मैदानावरचा जुना शिष्टाचार. इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द असतं, पण शांततेची किंमत वाकलेल्या शाफ्टने मोजावी लागते.

कॅमेरा खरं सांगतो तेव्हाही न्याय सोपा नसतोच. २०१६ च्या यूएस विमेन्स ओपनच्या प्लेऑफमध्ये अ‍ॅना नॉर्डक्विस्टचा क्लब बंकरमध्ये मागे नेताना वाळूला निसटता लागला. तिला कळलंही नाही, पण टीव्हीच्या जवळच्या दृश्यात वाळूचे काही कण हललेले दिसले. दोन फटक्यांचा दंड झाला आणि ब्रिटनी लँग जिंकली. पुढे एप्रिल २०१७ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या नियम करणाऱ्या संस्थांनी ठरवलं की नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं अशी गोष्ट केवळ व्हिडिओत दिसली म्हणून नियमभंग धरायचा नाही. मला हा निर्णय पटतो.

माझं रोजचं काम सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्यांशी आहे. तिथेही एखादा पळता कण लांबट दिसला की सेन्सर कसा वाचला जातो ते आधी बघावं लागतं, मग कणाबद्दल बोलायचं. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारे सेन्सर असतात, त्यांना ग्लोबल शटर म्हणतात. उद्योगात आणि प्रयोगशाळेत ते बऱ्याच वर्षांपासून आहेत. छायाचित्रकारांसाठी पूर्ण आकाराच्या सेन्सरचा असा पहिला मिररलेस कॅमेरा, अल्फा ९ थ्री, सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला, सुमारे ६,००० डॉलरना. निःशब्दही आणि शाफ्टही सरळ. फोनमध्ये ते येईपर्यंत घरातला टेबलफॅन लावा, खिडकीतल्या उन्हात ठेवा आणि फोन एकदा असा, एकदा तसा धरून फोटो काढा. पाती कोयत्यासारखी वाकतील, आणि कुठल्या बाजूला ते तुमच्या हातात असेल.