विजेवर चालणारी मोपेड : खरेदीपूर्वी करावयाचा हिशेब

मोपेड हे नाव मोटर आणि पेडल या दोन शब्दांच्या जोडणीतून तयार झाले. 1972 मध्ये कायनेटिक इंजिनियरिंग कंपनीने 50 सी.सी.ची लुना बाजारात आणली, तेव्हा तिला खरोखरच पेडल होते. पेट्रोल संपल्यास स्वार ती सायकलीप्रमाणे मारीत घर गाठू शकत असे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच उद्योगसमूहातील कायनेटिक ग्रीन कंपनीने ई-लुना हे विजेवर चालणारे वाहन सादर केले. त्यावेळी जाहीर झालेली किंमत 69,990 रुपये, बॅटरी 2 किलोवॅट-तासांची, मोटर 1,200 वॅटची, वजन 96 किलोग्रॅम, वेग ताशी 50 किलोमीटरपर्यंत आणि एकदा चार्ज केल्यावरचा पल्ला 110 किलोमीटर असा होता. नाव जुनेच राहिले. पेडल मात्र गेले. बॅटरी वाटेत संपली तर 96 किलोग्रॅमचे वाहन ढकलीत न्यावे लागते. म्हणून पल्ल्याच्या आकड्याचा अर्थ खरेदीपूर्वी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. येथे हे वाहन केवळ उदाहरणादाखल घेतले आहे. या वर्गातील कोणत्याही वाहनास हाच हिशेब लागू पडतो.

2 किलोवॅट-तास म्हणजे घरच्या वीजबिलातील 2 युनिट होत. 110 किलोमीटरने भागले असता दर किलोमीटरला सुमारे 18 वॅट-तास पडतात. इतक्या अल्प विजेवर वाहन धावते ते सपाट रस्त्यावर, मंद आणि एकसारख्या वेगाने, बेताच्या वजनाचा एकच स्वार असताना. नित्याच्या रस्त्यावर थांबणे, निघणे, खड्डे, वारा व ओझे ही सर्व आलीच. तेथे किलोमीटरला 25 ते 30 वॅट-तास धरणे शहाणपणाचे. बॅटरीचा शेवटचा दहावा हिस्सा राखून ठेवल्यास हाती 1,800 वॅट-तास राहतात, म्हणजे पल्ला 60 ते 72 किलोमीटर होतो. पुढे काही वर्षांच्या वापराने बॅटरीची धारणशक्ती एक पंचमांश घटली असे मानले, तर तोच पल्ला 48 ते 58 किलोमीटरवर येतो. ग्राहकाने पहिल्या दिवसाचा नव्हे, हा उतरत्या वयातील पल्लाच विचारात घ्यावा. ज्या शिक्षकाची शाळा 14 किलोमीटरवर आहे त्याला तो पुरून उरतो. पहाटेपासून गावोगाव फिरून दिवसाला 70 किलोमीटर तोडणाऱ्या पाव विक्रेत्या पोदेरास किंवा दूध विक्रेत्यास मात्र दुपारी पुन्हा चार्ज करण्याची सोय आधी शोधावी लागेल.

गोव्यासारख्या प्रदेशात खरी परीक्षा पल्ल्याची नसून चढणीची असते. पर्वरीची चढण, फर्मागुडीचा घाट, पणजीतील आल्तिनो ही ठिकाणे वाचकांच्या परिचयाची आहेत. चढणीला वीज फार लागते असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. वाहन, स्वार व थोडे सामान मिळून 180 किलोग्रॅम वजन 100 मीटर उंच नेण्यास, मोटरमधील गळती धरूनही, सुमारे 65 वॅट-तास पुरतात. ही वीज सपाटीवरील अवघ्या अडीच किलोमीटरांची होय. अडचण निराळीच आहे. ती वीज फार थोड्या वेळात मोटरमधून वाहावी लागते आणि तेथे मोटरची क्षमता आड येते.

दर 100 मीटरला 8 मीटर चढणारा रस्ता घेऊ. एकट्या स्वारासह ताशी 20 किलोमीटर वेगाने तो चढण्यास चाकावर सुमारे 930 वॅट शक्ती लागते. 1,200 वॅटची मोटर हे काम करू शकते. मागे दुसरा माणूस व तांदळाची पिशवी घेऊन एकूण वजन 250 किलोग्रॅम झाले, की तीच गरज 1,300 वॅटच्या आसपास जाते. मोटर थोडा वेळ हा ताण सोसते. परंतु लांब चढणीवर ती तापते व वेग पडतो.

आता 250 वॅटच्या गाड्यांकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 अन्वये जिच्या मोटरची क्षमता 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोग्रॅमच्या आत आहे, अशी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केलेली दुचाकी मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी नको, चालकास परवाना नको. स्वस्ताईमुळे ती पुष्कळांना आकर्षक वाटते. सपाट गावात बाजारहाटासाठी ती उपयुक्तही आहे. परंतु वर सांगितलेल्या चढणीवर एका स्वारासह तिचा टिकाऊ वेग ताशी 6 ते 7 किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका असतो. काही विक्रेते यावर उपाय म्हणून वेगमर्यादा काढून देतात किंवा मोठी मोटर बसवून देतात. अशी फेरफार केलेली गाडी त्या क्षणी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि तेही नोंदणी व विमा नसलेले. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2022 मध्ये अशा गाड्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती. दंडापेक्षाही गंभीर गोष्ट ही, की अपघातात कोणी जखमी झाल्यास भरपाईचा बोजा विमा कंपनीवर न पडता मालकाच्या घरादारावर पडतो.

खर्चाचा विचार करताना बहुतेक लोक केवळ विजेचा दर पाहतात. 2 युनिटांची बॅटरी भरण्यास गळतीसह सुमारे 2.3 युनिट लागतात. युनिटला 6 रुपये धरल्यास 14 रुपयांत 60 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 23 पैसे पडतात. हा आकडा खरा, पण अपुरा आहे. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. नव्या बॅटरीस 30,000 रुपये पडतात व ती 40,000 किलोमीटर चालते असे मानल्यास तिची झीज किलोमीटरला 75 पैसे होते. विजेच्या तिपटीहून अधिक! एकूण खर्च 98 पैसे. पेट्रोलची 100 सी.सी.ची मोपेड लीटरला 57 किलोमीटर देत असेल व पेट्रोल 100 रुपये असेल, तर तिचा इंधनखर्च 1 रुपया 75 पैसे येतो. बचत 77 पैशांची. महिन्याला 750 किलोमीटर फिरणाऱ्याचे 577 रुपये वाचतात, आणि विजेची गाडी 20,000 रुपयांनी महाग पडली असल्यास तो फरक तीन वर्षांच्या आत भरून निघतो. महिन्याला 200 किलोमीटरच फिरणाऱ्यास तेवढ्यासाठी जवळजवळ अकरा वर्षे थांबावे लागेल; तितका काळ बॅटरी टिकण्याचीच शाश्वती नाही. प्रत्येकाने येथे आपापल्या गावचे दर घालून हा हिशेब पुन्हा मांडावा. अनुदानाचे दरही वेळोवेळी बदलले आहेत. केंद्राच्या फेम योजनेचा दुसरा टप्पा 31 मार्च 2024 रोजी संपला, आणि ऑक्टोबर 2024 पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दर किलोवॅट-तासाला 5,000 रुपये असलेली मदत दुसऱ्या वर्षी निम्मी झाली. जुन्या जाहिरातीतील किंमत धरून अंदाज बांधू नये.

शिशाच्या बॅटरीची गाडी स्वस्त मिळते, परंतु नित्य वापरात ती बॅटरी साधारण एक-दोन वर्षांतच थकते. लिथियमची बॅटरी अधिक टिकते. मात्र तिच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. 2022 मध्ये विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्यानंतर बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक झाले आणि त्यांचा दुसरा टप्पा 31 मार्च 2023 पासून अंमलात आला. त्यापूर्वी बनलेली जुनी बॅटरी मिंधेपणाने किंवा स्वस्त म्हणून पत्करू नये. चार्जिंगसाठी अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट हवा. कौलारू जुन्या घरांत अर्थिंग नाममात्र असते, ते पावसाळ्यापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावे. प्रवासाहून येताच तापलेली बॅटरी लगेच चार्जला लावू नये. रात्री घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर तर कधीच लावू नये. किनारपट्टीवर खारट हवेने जोडण्यांवर गंज चढतो. त्या अधूनमधून पुसून कोरड्या ठेवाव्यात.

दुकानात चाचणीसाठी मिळणारी गाडी बहुधा पूर्ण चार्ज केलेली असते व सपाट रस्त्यावर फिरवून दाखविली जाते. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर कोणतेही वाहन जोमाने चढते. ग्राहकाने बॅटरी एक तृतीयांशावर आलेली असताना, नेहमीचे ओझे मागे बांधून, आपल्या वाटेवरील सर्वांत कठीण चढण चढून पाहण्याचा आग्रह धरावा. चढणीच्या मध्यावर गाडी थांबवून पुन्हा हलवावी आणि उतरताना ब्रेकची पकड पाहावी. शेवटी मोटर बंद करून ती दोनशे मीटर हाताने ढकलून पाहावी. व्यवहार ठरल्यावर बॅटरीचा क्रमांक, हमीची वर्षे व किलोमीटर, धारणशक्ती किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल, आणि नवीन बॅटरीची आजची किंमत, एवढे तपशील पावतीवरच लिहून घ्यावेत.