झाडावर चढण्याची विद्या : एक अभ्यास

वर्धा जिल्ह्यातील शाळेचे आवार झाडांशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. आमच्या आवारातही कडुनिंब, चिंच, आंबा, गुलमोहर आणि विहाराजवळचा पिंपळ आहे. या झाडांच्या सावलीत शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखाचा विषय कदाचित अनपेक्षित वाटेल. परंतु झाडावर सुरक्षितपणे कसे चढावे, हा प्रश्न एका अपघाताने आमच्यापुढे उभा केला आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हाला इतिहासाचेही एक पान उलटावे लागले.

काही वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर आलेल्या वादळात कडुनिंबाची मोठी फांदी मोडून वसतिगृहाच्या छपरावर लोंबकळत राहिली. ती उतरविण्यासाठी आम्ही शेजारच्या वस्तीतील एका गृहस्थांना बोलाविले. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत सातवीत शिकत होती. अनवाणी पाय आणि कमरेला कोयता, एवढ्याच तयारीनिशी ते वर निघाले. "दोर बांधा" असे आम्ही म्हटले, तेव्हा ते हसून म्हणाले, "दोर कायले पायजे, गुरुजी? लहानपणापासून चढतो." आम्ही पुढे आग्रह धरला नाही. अर्ध्या तासाने तोडलेली फांदी गर्रकन फिरून त्यांच्याच अंगावर आली आणि ते पंधरा फुटांवरून खाली पडले. मांडीचे हाड मोडले. उपचाराचा खर्च शाळेने केला. पण पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंतचा त्यांचा सारा हंगाम घरात बसून गेला. त्यांच्या मुलीने आम्हाला कधी बोल लावला नाही. तरीही वर्गात इतिहास शिकविताना तिच्याकडे पाहणे आम्हाला अवघड जाई.

चूक आमची होती. त्यांच्या सवयीला आम्ही सुरक्षितता समजलो. ही समजूत मात्र एकट्या आमच्या शाळेची नाही. तिला मोठा इतिहास आहे.

१९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. जे. सी. कुमारप्पा संघाचे मंत्री होते. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांच्याबरोबर तेथे ताडगुळाचा उद्योगही हाती घेण्यात आला. गजानन नाईक यांनी त्या विषयाला वाहून घेतले. ताड किंवा शिंदी यांचा गोड रस म्हणजे नीरा. ती आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि सूर्य वर येण्यापूर्वीच ती उतरवून उकळतात. ही सारी प्रक्रिया अखेर एका माणसाच्या कमरेच्या दोरावर उभी असते. खोडाला आणि कमरेला वेढा घालून तो मागे रेलतो, खाचांवर पाय रोवतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवून खोड तासतो. त्याचा पाय निसटला किंवा तो एकच दोर तुटला, तर त्याला धरून ठेवील असा दुसरा दोर नसतो.

हे काम या देशात जातींवर सोपविले गेले. कोकणात भंडारी, तेलंगणात गौड, तामिळनाडूत नाडार, केरळात ईळवा. मुलगा बापाकडे पाहून चढायला शिके आणि समाज त्याच्या धाडसाचे कौतुक करी. जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात दाखवून दिले. त्या विभागणीत श्रमाबरोबर धोकाही वाटला गेला, असे आम्हाला वाटते. ज्याच्या वाट्याला धोका आला, त्याला 'याला सवय आहे' असे म्हणून बाकीचे निश्चिंत झाले. त्या दिवशी कडुनिंबाखाली उभे राहून आम्हीही तेच केले.

हे चित्र बदलू शकते, याचीही उदाहरणे आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात माडावर चढण्याच्या साधनांचे प्रशिक्षण सुरू केले. ते तरुणांनी घेतले, तसेच स्त्रियांनीही घेतले. तेलंगणा शासनाने २०२४ मध्ये ताडावर चढणाऱ्या गौड कामगारांना 'काटमय्या रक्षा' या नावाने सुरक्षा संच देण्यास आरंभ केला. वंशपरंपरेने आलेले काम शिक्षणाने विद्या होते आणि विद्या कोणालाही शिकता येते.

तथागतांच्या संघातही या विषयाचा विचार झालेला आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गानुसार भिक्खूंना झाडावर चढण्यास प्रथम मनाई होती. पुढे एका भिक्खूला वाटेत हत्ती आडवा आला. नियमाच्या भीतीने तो झाडावर चढला नाही. तेव्हा नियम सुधारला गेला : काम असेल तर पुरुषभर उंचीपर्यंत, आणि संकटात गरजेइतके वर चढावे. अनुभवाला सामोरे जाऊन नियम दुरुस्त करणारी ही दृष्टी आम्हाला मार्गदर्शक वाटली. आमच्या सरावाची उंचीही आम्ही पुरुषभरच ठरविली.

ही विद्या शिकविणारे कोणी आम्हाला जवळपास मिळाले नाही. म्हणून आम्ही चार शिक्षकांनी पुस्तके जमविली, गिर्यारोहकांना विचारले आणि अग्निशमन दलात असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडून सुटीच्या दिवशी धडे घेतले. त्यातून जे हाती आले, ते प्रज्ञा, शील आणि करुणा या तीन शीर्षकांखाली मांडतो.

प्रज्ञा म्हणजे चढण्यापूर्वी झाड वाचणे. बुंध्याशी अळंबी, ढोली, भेगा आहेत का ते पाहावे. वाळलेली फांदी वजन घेत नाही. शेवगा आणि गुलमोहर ओले असतानाही कडकन मोडतात. आग्या मोहोळ, गांधीलमाशीचे पोळे आणि विजेच्या तारा यांचा शोध जमिनीवरूनच घ्यावा. तार फांदीजवळून जात असेल, तर काम थांबवून महावितरणला कळवावे. साल ओली असताना किंवा आभाळ गडगडत असताना कोणीही चढू नये.

शील म्हणजे नियम न मोडणे. पाच मीटरवरून पडणारा माणूस एका सेकंदात जमिनीवर पोहोचतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. एका सेकंदात कोणतेही धाडस उपयोगी पडत नाही. आधी बांधलेला दोरच उपयोगी पडतो. बाजारातील सुती किंवा नायलॉनचा साधा दोर चालत नाही. चढाईचाच दोर, मांड्यांना आधार देणारा हार्नेस आणि हेल्मेट हवे. दोर बुंध्यालगतच्या जिवंत, निदान चार इंच जाडीच्या फांदीवरून टाकावा आणि खालून दोघांनी लोंबकळून तो तपासावा. मुख्य दोरावर बारीक दोरीचे तीन वेढे घेऊन बांधलेली प्रुसिक गाठ मोकळी असताना सरकते आणि भार पडताच आवळते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. सुरगाठीवर आयुष्य टांगू नये. दोर कधी सैल ठेवू नये, आणि कापण्यापूर्वी दुसऱ्या दोराने स्वतःला पुन्हा बांधावे, कारण पात्याला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही.

फांदी कापतानाही शिस्त हवी. ती आधी स्वतंत्र दोराने बांधावी. बुंध्यापासून हातभर अंतरावर प्रथम खालून, सुमारे एक चतुर्थांश कापावे. मग किंचित बाहेरच्या बाजूला वरून कापावे, म्हणजे साल सोलत जात नाही. उरलेला खुंट शेवटी काढावा, पण बुंध्याशी असलेली फुगीर कडा राखावी. झाड आपली जखम त्या कडेपासून भरून काढते, हे अमेरिकेतील वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिले.

करुणा म्हणजे खाली उभा असलेला सोबती. दोरावर निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच जीव धोक्यात येऊ शकतो; म्हणून वरच्या माणसाला खाली कसे उतरवावे, हे खालच्याला येत असलेच पाहिजे. पडलेल्या व्यक्तीला उठवून बसवू नये. मान-पाठ न हलविता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा तथागतांचा उपदेश आम्ही मुलांना नेहमी सांगतो. परंतु स्वतः शिकणे म्हणजे एकट्याने चढणे नव्हे, हे आम्हाला या अभ्यासाने शिकविले.

आमची मर्यादाही नमूद करणे अगत्याचे आहे. दोन वर्षांच्या सरावानंतर आम्ही लहान फांद्या उतरवितो. मोठी फांदी, पोकळ झाड आणि यंत्राची करवत यांसाठी प्रशिक्षित माणसांनाच बोलावितो. विद्यार्थ्यांना गाठी शिकवितो, पण त्यांना पुरुषभर उंचीच्या वर जाऊ देत नाही.

ज्या गृहस्थांपासून या लेखाचा आरंभ झाला, ते आता किंचित लंगडतात. ते झाडावर चढत नाहीत; पण कोणती फांदी कोणत्या बाजूला झुकेल, कोणती आतून पोकळ आहे, हे ते खालून नुसते पाहून सांगतात. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात आम्हाला मिळाले नाही. म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही त्यांना मार्गदर्शक म्हणून बोलावितो आणि इतर पाहुण्या व्याख्यात्यांइतकेच मानधन देतो. पहिल्या दिवशी हार्नेस हातात घेऊन त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "हे तवा असतं तं?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

माजी विद्यार्थी व पालक बांधवांना आमची एवढीच विनंती आहे. तुमच्या अंगणातल्या, शेतातल्या झाडावर कोणी चढणार असेल, तर मजुरी ठरविण्याआधी दोराची सोय करा. त्याने दोर नको म्हटले, तर त्याच्या सवयीवर विसंबू नका. त्या दिवसाचे काम थांबवा.

जय भीम.